"आज नको" म्हणाले, तर जिवाशी खेळले का?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान ५८ वर्षांचे, लोअर परळला खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. मधुमेह जुना. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी स्टेशनचा पूल चढताना छातीवर कुणी वजन ठेवल्यासारखं होतं, डावा खांदा भरून येतो. कठड्याला टेकून चार-पाच मिनिटं उभं राहिलं की थांबतं. संध्याकाळी परतताना सहसा काही होत नाही, आणि घराचे तीन मजले सावकाश चढतानाही नाही. स्ट्रेस टेस्ट 'पॉझिटिव्ह' आली म्हणून अँजिओग्राफी झाली. उजव्या वाहिनीत ८५ टक्के अडथळा, डावीकडच्या एलएडी या मोठ्या वाहिनीच्या मधल्या भागात ५० टक्के, डावी मुख्य वाहिनी मोकळी, इकोमध्ये पंपिंग ६० टक्के. तपासणी चालू असतानाच डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "तार आत आहेच, आत्ताच स्टेंट टाकू का? दहा मिनिटांत सांगा." ताई घाबरून "आज नको" म्हणाल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळं पाहून "आधी तीन महिने औषधं नीट घ्या" असं सांगितलं. बंगळूरचा मुलगा रोज फोनवर चिडतो: "पैसे वाचवायला बाबांच्या जिवाशी खेळताय." नणंद पायांना पट्टे बांधून ब्लॉकेज 'विरघळवणाऱ्या' मशीनची जाहिरात पाठवते. ताईंनी यजमानांचं फिरणं, पिशव्या उचलणं, विनाकारण जिना उतरणं बंद केलं आहे. बिनलिफ्टचं घर विकायचा आणि गणपतीला गुहागरला न जाण्याचा विचार चालू आहे. दोघं वेगळ्या खोल्यांत झोपतात. "रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना, ते बघून येते," असं त्यांनी लिहिलं आहे. प्रश्न दोन: मी चूक केली का? आणि हे असे किती दिवस काढतील?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. तुम्ही चूक केलेली नाही. कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीच्या, दाराशी, नवऱ्याचं घड्याळ आणि पाकीट हातात धरून उभ्या असलेल्या बाईला असा निर्णय दहा मिनिटांत द्यायला लावणं हेच मुळात बरोबर नाही. हार्ट अटॅक आलेला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा दहा मिनिटंही जास्त होतात. गुठळीने बंद पडलेली वाहिनी उघडून स्टेंट टाकला की जीव वाचतो, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण तुमचे यजमान त्या दिवशी ठरलेल्या वेळेला, स्वतःच्या पायांनी चालत, तपासणीसाठी गेले होते. महिनोन्महिने तेवढ्याच श्रमाला, तेवढाच वेळ दुखणाऱ्या आणि थांबलं की शमणाऱ्या छातीच्या दुखण्याला स्टेबल अँजायना म्हणतात. यात विचाराला वेळ असतो. दुसरं मत घ्यायला, घरी बसून बोलायला, विमा बघायलाही असतो.

घोळ होतो तो असा. प्रत्येकाच्या ओळखीत एखादे काका असतात ज्यांना अटॅक आला, तासाभरात स्टेंट पडला आणि ते वाचले. ती गोष्ट खरीच असते. मग आपण धरून चालतो की अटॅक आल्यावर जे जीव वाचवतं, ते आधीच करून ठेवलं तर अटॅक येणारच नाही. ऐकायला इतकं पटतं की माझ्या पिढीतले डॉक्टरही बरीच वर्षं तेच धरून चालले होते. ते तपासून पाहिल्यावर मात्र तसं निघालं नाही.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, हे जगतील ना? दोन, यांचं दुखणं जाईल ना? मुलगा पहिल्या प्रश्नाने घाबरलाय आणि उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं सुचवतोय.

पहिला प्रश्न घेऊ. २००७ मध्ये 'करेज' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अमेरिका आणि कॅनडातले तुमच्या यजमानांसारखे २,२८७ रुग्ण, निम्म्यांना औषधं आणि स्टेंट, निम्म्यांना नुसती औषधं. साडेचार वर्षांनंतरही मृत्यू आणि अटॅक यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला. या रुग्णांचा आजार तितका गंभीर नव्हता, स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, असे आक्षेप आले. मग त्याहून मोठा 'इस्केमिया' अभ्यास झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यांत भारतातलेही, आणि चाळीस टक्क्यांहून जास्त मधुमेही. सगळ्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त कमी पडतंय हे ठळक दिसलेलं. एका गटाची लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्या गटाला औषधं, आणि ती पुरली नाहीत तरच पुढचं. सरासरी तीन वर्षांहून थोड्या जास्त काळानंतर पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४.

हे दोन आकडे मुलाला पाठवा. पण अर्धवट पाठवू नका, नाहीतर तो उरलेलं शोधून काढेल आणि पुन्हा भांडेल. लगेच प्रोसीजर केलेल्या गटात सुरुवातीच्या महिन्यांत प्रोसीजरशी जोडलेले अटॅक जास्त होते आणि पुढच्या वर्षांत आपोआप येणारे अटॅक कमी. बेरीज जवळपास बरोबरीत सुटली. 'करेज'मध्ये औषधांच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना पुढे कधीतरी स्टेंट किंवा बायपास करावीच लागली. तेव्हा आज 'नको' म्हणणं म्हणजे कधीच नको असं होत नाही. वाट पाहण्याची किंमत जीव ही नसते, एवढाच याचा अर्थ.

असं का, हे कळल्याशिवाय तुमची रात्रीची झोप परतणार नाही. दवाखान्यात आम्ही कागदावर पाइप काढून त्यात कचरा दाखवतो. समजायला सोपं, पण फसवं. चरबीचा थर वाहिनीच्या पोकळीत साचत नाही, तिच्या भिंतीत साचतो, कातडीखाली गळू धरावं तसा. काही थर जुने, कडक, वर जाड पापुद्रा धरलेले असतात. ते वाट अरुंद करतात आणि पूल चढताना दुखवतात, पण सहसा फुटत नाहीत. काही थर लहान, मऊ, पातळ पापुद्र्याचे असतात. अँजिओग्राफीत ते ३० किंवा ४० टक्के दिसतात, कुणाचं लक्षही जात नाही. त्यातला एखादा फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि अटॅक येतो. स्टेंट ज्या अरुंद जागी टाकला, ती जागा तो रुंद करतो. बाकीच्या वाहिन्यांच्या भिंतींत काय चाललंय त्यावर त्याचा काही इलाज नाही. तिथपर्यंत गोळ्या पोहोचतात, आणि तंबाखूही पोहोचते. ८५ हा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा वाचू नका. तो किती दिवस उरले ते सांगत नाही.

हे सगळ्यांना लागू नाही, आणि इथे मला कडक व्हायचंय, कारण हे सदर वाचून कुणी चुकीच्या धीराने घरी बसायला नको. डावी मुख्य वाहिनी अरुंद असेल तर हे अभ्यास लागू होत नाहीत; अशा रुग्णांना 'इस्केमिया'मध्ये घेतलंच नव्हतं. हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालेलं असेल आणि वाहिन्याही अरुंद असतील तर बायपासचा विचार करावा लागतो. मधुमेहासोबत तिन्ही वाहिन्यांत मोठे अडथळे असतील तर बायपास ही स्टेंटपेक्षा चांगली ठरते. २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात ते दिसलं. आता तुमच्या रिपोर्टचा फोटो पुन्हा उघडा. डावी मुख्य मोकळी. पंपिंग ६० टक्के, म्हणजे व्यवस्थित. तिन्ही वाहिन्यांचा आजार नाही. ८५ या आकड्याखाली लाल पेनाने रेघ ओढली होती, असं तुम्ही लिहिलंत. या तीन ओळींखाली कुणी ओढली नाही, आणि किती वर्षं काढतील हे जास्त करून याच ओळी सांगतात. एलएडीतल्या ५० टक्क्यांबद्दल मनात किंतु असेल तर पुढे कधी अँजिओग्राफी झालीच तर बारीक तारेने दाब मोजून तो अडथळा खरंच रक्त अडवतो का ते बघता येतं. डोळ्यांनी अंदाज करण्यापेक्षा ते बरं.

तर किती दिवस? तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण 'इस्केमिया'तल्या रुग्णांवर पुढेही लक्ष ठेवलं गेलं. सात वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातले साधारण तेरा जण गेले होते, हृदयाने किंवा इतर कशानेही. अभ्यासातले निम्मे रुग्ण सुरुवातीलाच ६४ च्या पुढचे होते, तुमचे यजमान ५८ चे आहेत. या लोकांची औषधं नियमित चालू होती आणि कुणीतरी त्यांच्या मागे लागलेलं होतं, हेही लक्षात ठेवा, कारण तुमच्या घरी तेच होत नाहीये.

मी आता औषधांकडे येते. दुसरे डॉक्टर "नीट घ्या" म्हणाले, त्यातला 'नीट' पत्रात दिसत नाही. गोळ्यांच्या फोटोत अ‍ॅस्पिरिन आहे, नाडी आणि रक्तदाब खाली आणणारं मेटोप्रोलॉल आहे, छातीचं दुखणं शमवणाऱ्या सॉर्बिट्रेट या नायट्रेट जातीच्या गोळीची पट्टी आहे. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, नाही. "पोटऱ्या दुखायच्या आणि तसा व्हिडिओही आला होता म्हणून बंद केली" असं तुम्ही एका ओळीत उरकलंय. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२८ आहे. अँजायना असलेल्या मधुमेही माणसाचं ते ७० च्या खाली हवं, आणि बरेच तज्ज्ञ आता ५५ च्या खाली आणा म्हणतात. जिवाच्या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर असलेली गोळी तुमच्या घरात बंद आहे आणि भांडण स्टेंटवरून चाललंय.

पोटऱ्या दुखत होत्या हे खोटं नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये एक सुंदर प्रयोग झाला, 'सॅमसन' नावाचा, २०२० मध्ये तो छापून आला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. स्टॅटिनवर झालेल्या त्रासापैकी नव्वद टक्के त्रास पोकळ गोळीवरही झाला. दुखणं खरं होतं, पण ते गोळीतल्या औषधाने नव्हे तर गोळी घेतोय या धास्तीने आलेलं. थोड्या लोकांना मात्र औषधाचाच त्रास होतो. तेव्हा डॉक्टरांना सांगून सीपीके ही स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी करा, दुसरं स्टॅटिन कमी डोसमध्ये सुरू करा, आणि तरीही जमलं नाही तर इझेटिमाइबसारखी जोडगोळी असते. आपणच बंद करायचं नाही. मेटोप्रोलॉलच्या बाबतीत तर अजिबात नाही. ती अचानक थांबवली तर अँजायना उसळतो.

आणि तंबाखू. "जेवणानंतर चिमूटभर, तेवढं एकच व्यसन आहे" असं तुम्ही इतक्या मायेने लिहिलंय की मला क्षणभर वाटलं, तुम्ही मला बजावताय की यावर काही बोलू नका. बोलणार. विडी-सिगारेट ओढली तरच हृदयाला धोका, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. बायकांची मशेरीही त्याच आडोशाला बसलेली असते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू नुसती चघळणाऱ्यांमध्येही अटॅकचा धोका वाढलेला दिसला. शिवाय तंबाखूने नाडी आणि रक्तदाब चढतो, म्हणजे मेटोप्रोलॉल जे खाली आणतं ते तंबाखू वर नेते. त्यांना ओरडू नका, पुडी लपवू नका. ५८ वर्षांचा माणूस स्टेशनबाहेरच्या टपरीवर दुसरी घेतो. निकोटिनच्या च्युइंगमचा उपयोग होतो, डॉक्टरांशी त्याबद्दल बोला.

एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.४ आहे, तेही खाली यायला हवं. साखरेच्या औषधांपैकी काही औषधं हृदयालाही जपतात, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. दुसऱ्याचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि किमती बऱ्याच उतरल्या. यजमानांना चालेल का, हे विचारून घ्या. अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, मेटोप्रोलॉल या गोळ्या जनऔषधी केंद्रात बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि त्या दुय्यम नसतात.

आता दुसरा प्रश्न, दुखण्याचा. इथे स्टेंटची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि ती मी लपवणार नाही. २०२३ च्या 'ऑर्बिटा-२' अभ्यासात ३०१ रुग्णांची अँजायनाची औषधं थांबवली, मग काहींना स्टेंट टाकला आणि काहींवर नुसतं नाटक केलं: टेबलावर घेतलं, गुंगी दिली, तार घातली, स्टेंट मात्र टाकला नाही. कुणाला काय झालं ते रुग्णांना ठाऊक नव्हतं. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी शंभरात चाळीस जणांचं दुखणं पूर्ण गेलं होतं, नाटकवाल्यांपैकी पंधरा जणांचं. फायदा स्पष्ट आहे. पण उरलेल्या साठांना स्टेंटनंतरही कमीजास्त दुखत होतंच. स्टेंट टाकला की माणूस नवा झाला, असं नसतं.

म्हणून मी आता तुमच्या पत्रातल्या एका मोठ्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. पत्रात तुम्ही आहात, मुलगा आहे, नणंद आहे, दोन डॉक्टर आहेत. यजमान एकदाही बोलत नाहीत. त्यांना या दुखण्याचा किती त्रास होतो? काही माणसांना पुलावर पाच मिनिटं थांबायला काही वाटत नाही. उलट पेपर वाचायला मिळतो म्हणतात. काहींना गर्दीत सहकाऱ्यांसमोर छाती धरून उभं राहणं मरणापेक्षा वाईट वाटतं. स्टेंटचा निर्णय जास्त करून या उत्तरावर ठरायला हवा, आणि ते उत्तर ८५ टक्क्यांत सापडणार नाही. एक साधी वही करा. तारीख, कुठे दुखलं, काय करत होते, किती मिनिटांत थांबलं, सॉर्बिट्रेट घेतली का. लिहायचं त्यांनी, तुम्ही नाही.

त्या पुलाचं काय करायचं, ते सांगते. सकाळीच का दुखतं आणि संध्याकाळी का नाही, हे तुम्हाला कोडं वाटलं होतं. सकाळी नाडी आणि रक्तदाब मुळातच चढते असतात, पोटात नुकताच नाश्ता पडलेला असतो आणि रक्त तिकडेही लागतं, खांद्यावर डबा-लॅपटॉपची बॅग असते, आणि फास्ट लोकल चुकेल म्हणून पाय उचललेले असतात. चारही गोष्टी एकदम हृदयाकडे जास्त रक्त मागतात, आणि उजवी वाहिनी तेवढं पुरवू शकत नाही. घरचे तीन मजले सावकाश चढताना यातलं काहीच नसतं. नाश्ता अर्धा तास आधी, घरातून दहा मिनिटं लवकर, बॅग हलकी, आणि पुलाच्या मधल्या टप्प्यावर दुखायच्या आधीच थांबणं, एवढ्यानेही फरक पडतो. डॉक्टरांना विचारून पूल चढायच्या काही मिनिटं आधी एक सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवता येते. ती दुखल्यावरच घ्यायची असते, हाही एक समज. पहिल्यांदा मात्र घरी, खुर्चीत बसून घेऊन बघा, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते आणि डोकं ठणकतं. पुलाच्या पायऱ्यांवर उभं राहून घ्यायची ही गोळी नव्हे. खाली बाकावर बसून घ्यायची. "सवय लागेल" म्हणून ते टाळतात असं तुम्ही लिहिलंय. तिची सवय लागत नाही. रोज दोनदा घ्यायची नायट्रेटची लांब पल्ल्याची गोळी दिली तर तिच्यात रात्रीचा खंड ठेवतात, नाहीतर तिचा परिणाम बोथट होतो; सवयीची भाषा बहुधा तिथून आली असावी.

फिरणं बंद केलंत, ते पुन्हा सुरू करा. तुमचा हेतू मला कळतो. पण रोज ठरावीक चालणाऱ्याचं हृदय तेवढंच काम कमी रक्तात करायला शिकतं, आणि काही आठवड्यांत दुखण्याची सुरुवात लांबते. सुरुवातीला सपाटीवर, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. दुखलं की थांबायचं, शमलं की पुढे. ट्रेडमिलवर छाती ताणून धावणं नको, दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा नकोत, हे झालंच. घर मात्र विकू नका. तीन मजले विनात्रास चढणाऱ्या माणसाला लिफ्टच्या इमारतीत नेऊन बसवलं तर मला भीती वाटते ती त्याच्या गुडघ्यांची आणि पोटाच्या घेराची.

वेगळ्या खोल्यांबद्दल तुम्ही शेवटी, ताजा कलम घालून लिहिलंत. बहुतेक जोडपी तेही लिहीत नाहीत, डॉक्टरही विचारत नाहीत. दोन मजले न थांबता, दम किंवा दुखणं न येता चढणाऱ्याला पतीपत्नीच्या संबंधांची भीती बाळगायचं कारण नाही. साधारण तेवढाच श्रम असतो. तुमच्या यजमानांना तर घरचे जिने चालतात. एकच गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट घेणाऱ्याने व्हायग्रा किंवा त्या जातीची गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जातो. आणि ही गोळी देताना केमिस्टकडे कुणी काही विचारत नाही, घेताना बायकोला कुणी सांगत नाही. मेटोप्रोलॉलने किंवा मधुमेहाने त्या बाबतीत अडचण येत असेल तर ती डॉक्टरांना सांगायची, मित्राला नव्हे. रात्री उठून श्वास बघणंही त्याच खोलीत झोपलात तर आपोआप कमी होईल.

आता धोक्याच्या खुणा. हा भाग कापून फ्रिजवर लावा. बसल्याजागी किंवा झोपेत दुखायला लागलं. पूर्वी पूल लागायचा आणि आता बाथरूमपर्यंत जाताना दुखतं. आठवड्यातून दोनदा व्हायचं ते रोज व्हायला लागलं. सॉर्बिट्रेट घेऊन पाच मिनिटांत कमी झालं नाही. सोबत घाम, उलटी, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली. यातलं काहीही झालं की ते स्टेबल राहिलेलं नाही आणि या पत्रातला सगळा धीर रद्द. १०८ ला फोन करा किंवा गाडी करून चोवीस तास कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलात न्या. स्वतः स्कूटर चालवत जायचं नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल तर ३०० मिलिग्रॅम चावून खायची असते. आपल्याला ती चालेल ना, हे आजच विचारून पट्टी वेगळी ठेवा. मधुमेहात कधीकधी छाती फारशी दुखतच नाही, नुसता घाम आणि अस्वस्थपणा येतो, आणि "गॅस झालाय" म्हणत सोडा पिऊन रात्र काढली जाते. ती रात्र काढायची नाही. त्या वेळी कुणी "आत्ताच स्टेंट टाकू का" असं विचारलं तर लगेच हो म्हणा.

नणंदेच्या मशीनबद्दल थोडक्यात. पायांना पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्याबरोबर दाब देणारं ईईसीपी हे ढोंग नाही. औषधं, स्टेंट, बायपास हे सगळे मार्ग खुंटलेल्या काही रुग्णांना त्याने दुखण्यात आराम पडतो. पण ते ब्लॉकेज विरघळवत नाही. जाहिरातीत 'विरघळवते' लिहिलं असेल तर त्या जाहिरातीतल्या बाकीच्या ओळीही तशाच धरा. सलाइनमधून दिली जाणारी किलेशन थेरपीही याच दुकानांत मिळते. मधुमेह असून अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालंय.

पैशाबद्दल तुम्हाला लाज वाटतेय, ती वाटू नये. मुदत ठेव मोडायला लागेल का, हा विचार करणारी बाई लोभी नसते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषध लावलेला स्टेंट तेव्हा ३० हजारांच्या आत आला. बिल त्याच्या कितीतरी पट होतं ते खोली, कॅथलॅब, फी आणि 'इतर'मुळे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. तुमच्या भागातलं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे, आणि कंपनीच्या विम्यात निवृत्तीनंतर काय उरतं, हे दोन्ही आत्ताच, निवांत असताना बघून ठेवा.

मुलाशी बोलताना त्याला चुकीचं ठरवायला जाऊ नका. लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचं असतं, आणि स्टेंट हे 'काहीतरी केलं' असं दिसतं. गोळ्यांचं तसं नाही. त्याला काम द्या. अँजिओग्राफीची सीडी त्याच्याकडे पाठवा, तिसऱ्या एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाचं मत त्याने घेऊ दे, आणि स्टॅटिनची आठवण रोज रात्री त्याने वडिलांना फोन करून करू दे. रोजचा भांडणाचा फोन तेवढ्याला पुरेल.

गुहागरला जा. फाइल, गोळ्या आणि सॉर्बिट्रेट हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही. आरतीनंतर पहाटेपर्यंत जागरण नको, आणि विसर्जनाला मूर्ती उचलायला पुतण्यांना लावा.

तीन महिन्यांनी एलडीएलचा नवा रिपोर्ट आणि ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. यजमानांनी आत जाऊन स्वतः बोलायचं. तोवर पूल न दुखता चढता येत असेल तर औषधंच पुढे चालू द्या. सगळ्या गोळ्या पुऱ्या डोसमध्ये घेऊनही दुखत असेल, किंवा गोळ्यांनी थकवा येऊन ते बेजार झाले असतील, तर उजव्या वाहिनीत स्टेंट टाकून घ्या, खुशाल, आणि "आधीच केलं असतं तर" हा विषय घरात काढू नका. तो टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चालू राहतील, साधारण सहा. त्या काळात दाताच्या डॉक्टरांनी किंवा इतर कुणी "चार दिवस बंद ठेवा" म्हटलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. नवा स्टेंट गुठळीने बंद पडतो तो बहुधा अशा वेळी. एखादी दाढ काढायची राहिली असेल तर ती या तीन महिन्यांतच काढून घ्या.